सोळा इंच चार सूत

आमच्या परसूला माज आलाय, असं जुन्या हुबळीत कुणीही सांगेल. सांगू देत मेले! मी त्याची थोरली बहीण. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून शपथ मोडून बोलते.

परसू सुतार. दार असो की देव्हारा, आधी जमिनीवर खडूनं पुऱ्या मापाचं चित्र काढायचा, मग कागदावर पेन्सिलनं. तेवढे दिवस आम्ही घरात भिंतीला चिकटून चालायचो. रेघेवर पाय पडला की ओरडायचा, "अक्का, दार मोडलंस!" अरे बाबा, दार आहे कुठं अजून?

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. डॉक्टर म्हणाले, कंप गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जायचा नाही. रेघा नागमोडी यायला लागल्या. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, कामाशिवाय दुसरं काहीच नाही त्याला. हाताचं कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं मला गळ्याची शपथ घातली.

नवनगरात प्रभंजनअण्णांचा कारखाना आहे. तिथं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, लाकूड यंत्र कापतं. परसू जाऊन म्हणाला, मला शिकवा. लोक म्हणाले, ह्या वयात केवढी हौस! हौस कसली डोंबलाची! माउसवर हात दाबून धरला की थरथर दिसत नाही, आणि आकडा टाकला की रेघ आपोआप सरळ येते. तेवढ्यावर त्यानं जीव टांगला होता.

शिकला बिचारा. अण्णांनी त्याला पहिलं स्वतंत्र काम दिलं, विद्यानगरच्या एका बाईंच्या देवघराचं दार. लाकूड त्यांच्या माहेरच्या झोपाळ्याचं, जुनं सागवान, तसं पुन्हा मिळणार नाही. "हे नीट झालं की कायमचा ये," अण्णा म्हणाले. मी नारळ घेऊन गेले, यंत्राला कुंकू लावलं.

यंत्र फिरलं, तुकडे निघाले. परसूनं ते तयार चौकटीत मांडले. दार बोटभर कमी!

आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत. सोळा इंच चार सूत, म्हणजे साडेसोळा, हे परसू जन्मभर सोळा टिंब चार असंच लिहीत आला. तसंच त्यानं कॉम्प्युटरला दिलं. त्या डबड्याला सूत कुठलं माहीत? त्यानं दहातले चार धरले. प्रत्येक तुकड्यात थोडं थोडं कमी पडत गेलं. सागवान काय पाणी घालून वाढवणार?

मला वाटलं, अण्णा आता हाकलणार. पण त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "परसू, बाईंना मी समजावतो. तू कॉम्प्युटर सोड. तुझ्यासारखी रेघ कुणाची आहे? तू आपलं पेन्सिलनं काढून दे, पुढचं आम्ही बघतो. बस, आत्ताच काढ." आणि कोरा कागद आणि पेन्सिल पुढ्यात ठेवली.

परसू बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"ब्याड्री," तो म्हणाला. नको.

"का रे?"

"मला नाही काढायचं."

अण्णांचा आवाज चढला. "एवढं नुकसान सोसून जागा देतोय, आणि तुलाच माज?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. परसूनं माझ्याकडे बघितलं. देवा, तसं बघणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शपथ आठवून मी पिशवी उचलली.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "माजलाय म्हणतील, अक्का. म्हणू देत. हात गेलाय असं तर नाही म्हणणार."

तिकीट मीच काढलं. त्याचे हात अजून मांड्यांखालीच होते.