बिनकानांची गाडी

गाडीवर मिस्त्री तळहात नाही, हाताची उलटी बाजू फिरवायचे. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. "तळहात घट्टे पडून मेला. खरं सांगती ती ही मागची कातडी," म्हणायचे. केसाएवढा उंचवटाही त्यांना सापडायचा. तुमच्याही भागात असा एखादा कारागीर असेल. पगारपत्रकावर त्याच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलेलं असतं आणि त्याच्याशिवाय शेडमधलं एक काम पुढे सरकत नाही.

आमची शेड चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होती. तिथे बसच्या, रिक्षांच्या फायबरच्या बॉड्या बनत. मी ऑफिसात कोटेशनं टाईप करायचे. कामगारांना हातमोजे का नाहीत, असं मी मालकांना पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा मिस्त्री बाहेर येऊन हळूच म्हणाले, "ताई, तुमी लई लौकर तापता. तापा, पर हवा खेळती ठिवा."

ते चितेगावकडच्या मेंढपाळ घरातले. साच्यांमागच्या भिंतीवर त्यांनी इटलीच्या एका गाडीची चित्रं ओळीनं चिकटवली होती, पहिल्या मॉडेलपासून शेवटच्यापर्यंत. चहाच्या सुट्टीत त्या भिंतीपुढे उभे राहून ते घरच्या माणसाची कुळकथा सांगावी तसं सांगत.

"हे पहिलं. पाचरीगत. एका घावात तासल्यावानी. कुठं भोक नाय, कुठं फुगवटा नाय. लोक येडे झाले बघून. पर इंजिन कोंडलं सीटच्या मागं, ते गुदमरलं. मग हवा आत घ्यायला खांद्यावर हे कान बसवले, बगलंत खाचा पाडल्या. देखणेपण गेलं, जीव आला. पुढं टायर रुंद केले, म्हणून मडगार्ड फुगले. इंजिन मोठं, मग आणखी मोठं. मग गिऱ्हाइकानं मागं पंख मागितला."

"पंखानं जास्त पळते?"

"उलटं! वेग कमी होतो. पर शेठ लोकांना शोभा पाहिजे." मग खो खो हसून, "आन् मागचं काईच दिसत नाय हिच्यातून. रिव्हर्स घ्यायचा तर दार वर करायचं, उंबऱ्यावर बसायचं आन् मान वळवून बघायचं. एवढी म्हागाची गाडी, आन् मागं न्यायची बैलगाडीवानी!"

त्या भिंतीनंच घात केला. बिडकीनकडचा एक तरुण ट्रॉलीच्या चौकशीला आला होता. जमीन वसाहतीत गेलेली, पैसा हातात आलेला, लग्न ठरलेलं. चित्रं बघून तो तिथेच खिळला. अपघातात गेलेल्या एका मोठ्या परदेशी गाडीचं इंजिन चासीसकट त्याच्याकडे होतं. त्यावर तसली बॉडी चढवून हवी होती. स्वतःची परण्या, म्हणजे मांडवापर्यंतची नवरदेवाची मिरवणूक, त्याच गाडीतून काढायची होती.

"पण मला हे पहिलं पाहिजे. प्लेन. हे कानाबिनाचं नको."

"भाऊ, पहिलं नुसतं दाखवायला होतं. रस्त्यावर आणायच्या आधी त्यांनीच त्याला कान लावले."

"ते इटलीवाले. आपलं इंजिन लई भारी हाये, मिस्त्री."

"भारी हाये म्हणूनच म्हणतो. पळवली तर येळ निभंल. बँडच्या मागं पायी चालवली, ती बी मे महिन्यात, तर पेटंल. हा पत्रा नाय, फायबर हाये."

मालक हसले. "तू मिस्त्री हायेस का इंजिनिअर? गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर."

मी मिस्त्रींना म्हटलं, लेखी द्या. मीच टाईप केलं: या गाडीला हवेची वाट नाही, ती हळू चालवू नये. त्यांनी सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. मालकांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि आपल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

गाडी मात्र मिस्त्रींनी जीव ओतून केली. तिच्याइतकी देखणी वस्तू त्या शेडमधून कधी बाहेर पडली नव्हती. आमच्याकडे रीत होती, बॉडी चढवणाऱ्यानं गाडी पहिल्यांदा चालवायची. ही रीत त्यांनीच पाडलेली. नवरदेवाचा हात बसला नव्हता, म्हणून परण्यातही स्टिअरिंग त्यांच्याकडेच आलं.

"मिस्त्री, तुम्ही नाही म्हणा," मी म्हणाले. "कुणी जबरदस्ती करू शकत नाही."

"मी नाय बसलो तर दुसरा ड्रायव्हर बसल, ताई. त्याला वास कळायचा नाय. फायबर पेटायच्या आधी वास सोडतंय. तेवढ्यात मी पोराला उतरवीन."

बिडकीनच्या रस्त्यावर दुपारी चारला परण्या निघाली. पुढे हलगी, मग बँड, मग ती पांढरी पाचर. पाऊल टाकावं इतकी हळू. पंधरा मिनिटं झाली असतील. मी गाडीच्या बाजूनंच चालत होते; काचेआड मी मिस्त्रींचं तोंड पाहिलं. नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांनी हॉर्न दाबला. बँडवाल्यांना वाटलं, ड्रायव्हर रंगात आलाय. ते मागे फिरले आणि गाडीभोवती गोळा होऊन वाजवू लागले. मिस्त्रींनी पुन्हा हॉर्न दाबला. पोरं बॉनेटवर थापा मारून नाचू लागली. गाडीची दारं वर उघडणारी, आणि त्या दारांना टेकून माणसं उभी.

"सरका! ए, सरका!" मी ओरडले. हलगीपुढे माझा आवाज तो किती.

डावीकडचं दार आतून रेटत रेटत वर गेलं. मिस्त्रींनी ढकललेला नवरदेव फेट्यासकट लोकांच्या अंगावर येऊन पडला. "काय रं म्हाताऱ्या!" असं कुणीतरी खेकसलं, आणि तेवढ्यात मागच्या काचेतून काळा धूर आला. गर्दी फुटली. मिस्त्रींना उतरायला तेवढी उसंत होती. पण गाडी मांडवाच्या तोंडाशी होती, आत बायका-लेकरं बसलेली. त्यांनी उघड्या दारानिशी ती उजवीकडे वळवली आणि नांगरलेल्या रानात सुसाट घातली. ढेकळांत आदळून ती रुतली आणि उघडं दार आपटून मिटलं. त्यांच्या बाजूचं दारही उघडलं नाही. तापून सगळं वाकलं होतं, असं नंतर सांगण्यात आलं.

लग्न दुसऱ्या मुहूर्तावर लागलं. शेडमध्ये मिस्त्रींच्या दुखवट्याला एक दिवस काम बंद राहिलं. 'ड्रायव्हरची चूक' असं लिहिलेला कागद मालकांनी माझ्याकडे टाईप करायला पाठवला. मी तो तसाच परत पाठवला. दुसऱ्या कुणीतरी केला.

त्या गाडीचा साचा शाबूत होता. दिवाळीआधी दुसरं गिऱ्हाईक आलं. बॉडी काढली आणि नव्या मिस्त्रीनं तिच्या खांद्यांवर पेन्सिलनं कानांचे दोन चौकोन आखले. कटर लागला. पांढरी धूळ उडून फरशीवर बसू लागली.

मालक नाकाला रुमाल लावून शेजारी उभे होते. "जरा मोठं काप," ते म्हणाले. "हवा चांगली गेली पाहिजे."