दुसऱ्या झटक्याचं भाकीत

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला तो दिवाळीनंतर, भात झोडताना. रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून घरी आणलं आणि थेट पालीपासूनची माणसं समाचाराला यायला लागली. धीर देणं राहिलं बाजूला, जो तो झटक्यांची गणितं सांगायचा. पहिला नुसता इशारा, दुसरा आडवा करतो, तिसरा नेतोच. कुणाचा मेहुणा दुसऱ्यात गेला, कुणाचा चुलता जेवता जेवता. आणि हे सगळं माझाच चहा पिऊन. एक दिवस माझं डोकं फिरलं. लांबच्या एका दिरांना सरळ विचारलं, "भावोजी, तुमचा कितवा चाललाय?" त्यानंतर वर्दळ जरा कमी झाली.

पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. दुसरा येणार, हे ह्यांनी धरूनच टाकलं. छपराची कौलं परतायचा विषय काढला की म्हणायचे, "ते आता तूच बघ." त्यात डोक्यात एक खूळ शिरलं, शिमग्याला गावदेवीची पालखी नाचवायची. खांद्यावर पालखी घेऊन नाचायचं म्हणजे धडधाकट माणसाचाही दम निघतो. "शेवटचीच गो," म्हणायचे. मला असा संताप यायचा की तव्यावरची भाकरी करपून जायची. रात्री मात्र ह्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते ऐकत पडायची.

शिमग्याच्या तोंडावर रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. खुर्चीत टेकायच्या आत ह्यांनी विचारलं, "दुसरा कधी येणार तेवढं सांगा."

डॉक्टरांनी आधी कार्डिओग्राम काढला, रक्तदाब बघितला, वडील कशाने गेले ते विचारलं, उताणं झोपल्यावर धाप लागते का ते विचारलं. विडीचं निघालं तेव्हा हे म्हणाले, "सोडली." मी म्हटलं, "गोठ्यात जाऊन ओढतात." मग डॉक्टर ह्यांना घेऊन दवाखान्यामागचा चढ चढले, मी आपली मागून. वर पोचल्यावर त्यांनी नाडी धरली, छातीत दुखतंय का विचारलं. दुखत नव्हतं.

"तारीख कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं हृदय फार कमजोर झालेलं नाही, चढताना दुखलं नाही, ह्या चांगल्या खुणा आहेत. पहिल्या वर्षी धोका जास्त असतो, विडीने तो वाढतो. तेव्हा विडी बंद, गोळ्या वेळेवर, रोज चालायचं आणि हे वर्ष ओझं उचलायचं नाही."

परतताना एसटीत ह्यांनी गोळ्यांची चिठ्ठी दोनदा वाचून खिशात घातली. पालखीचं काय, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा मी ओटीचं ताट घेऊन उभी होते. ढोल चाललेला. ह्यांच्या चुलतभावाने पुढच्या दांडीखालून खांदा काढला आणि हाक मारली, "ये रे, घे." हे पुढे झाले. चारचौघांत, देवीसमोर, मी काय बोलणार? तोंडात आलेल्या सगळ्या शिव्या गिळल्या.

ह्यांनी दांडीला हात लावला, कपाळ टेकलं आणि मागे सरले.

"यंदा नको," म्हणाले. "पुढल्या वर्षी घेतो."

दुखण्यानंतर पुढल्या वर्षाचं काही ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. देवीची ओटी भरायची सोडून मी तिथेच रडत उभी राहिले.