टॉवरकडे पाठ

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिवताना ओठांत सदा टाचण्या धरायची, अंगानेही तशीच बारीक आणि बोलायला लागली की टोचायची, म्हणून गल्लीने ते ठेवलं होतं. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

तिची लेक हॉकीची गोलकीपर. यंदा तिचा संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता आणि सामना टीव्हीच्या फुकट वाहिनीवर दाखवणार होते. मैदान फार लांब. नवरा शाळेची बस चालवायचा, पण डोळ्यांनी दगा दिला आणि घरी बसला. फोनवरची मुंगीएवढी माणसं त्याला दिसायची नाहीत. टीव्हीला नाक लावून बसला तर दिसायचं, पण केबल त्यांनी कधीच बंद केली होती.

"यांना लेकीचा खेळ दिसलाच पाहिजे," असं म्हणून तिने शिलाई मशीन झाकलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन अँटेना पुढे ठेवले. एक खिडकीला चिकटवायचा, पातळ ताटलीसारखा. दुसरा छतावरचा, माशाच्या काट्यासारखा.

"टीव्हीचा टॉवर कुठे आहे तुमच्याकडून? मध्ये काही उंच आहे?"

ते तिला ठाऊक नव्हतं. "मग आधी बघून या," तो म्हणाला, "उगाच चुकीचा नेऊ नका."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दिराला घेऊन ती छतावर गेली. टेकडीवरच्या टॉवरचं फक्त टोक दिसत होतं. बाकी सगळं नव्या इमारतीने गिळलं होतं.

"वहिनी, ही उभी राहिली तेव्हाच आपला टीव्ही मेला," दीर म्हणाला. "सोडा आता हट्ट."

"मेलाय की नुसता झोपलाय, ते बघू."

तिने छतावरचा आणला. दोघांनी तो पाइपला आवळला, वायर खिडकीतून आत सोडली. नवरा टीव्हीसमोर बसला. अँटेना टॉवरकडे केला, तर पडद्यावर नुसते चौकोन. चित्र फुटायचं, थिजायचं, गायब व्हायचं.

"बूस्टर लावू या," दीर म्हणाला. तिने दुकानदाराला फोन केला.

"तुटका सिग्नल बूस्टर तुटकाच मोठा करणार," तो म्हणाला. "थोडं थोडं फिरवून बघा. कधीकधी तो कशावर तरी आपटून भलत्याच बाजूने येतो."

दिराने दोन फेऱ्यांतच हात टेकले आणि टाकीच्या सावलीत बसला. ती मात्र अँटेना बोटभर सरकवायची, थांबायची, खाली हाक मारायची. खालून तेच उत्तर यायचं, "काही नाही." उन्हात मान भाजली. अँटेना फिरत फिरत टॉवरकडे पाठ करून गिरणीच्या गोदामासमोर आला. गोदामाची पत्र्याची उंच भिंत समोर चमकत होती.

"थांब," खालून आवाज आला. "आता हलू नकोस. सिग्नलची पट्टी भरली. एक बाई बातम्या सांगतेय. तिच्या कानातलंसुद्धा दिसतंय मला."

दिराने उठून आधी टॉवर पाहिला, मग अँटेना. "हा तर उलटा आहे."

"असू दे. त्याला जिकडून ऐकू येतं तिकडे कान केलाय त्याने," ती म्हणाली आणि नट आवळू लागली.

सामन्याच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीन स्वयंपाकघरात ढकललं होतं. सामना बरोबरीत सुटला आणि निकाल शूटआउटवर गेला. समोरच्या संघाची शेवटची मुलगी धावत आली. लेक पुढे सरसावली, अंग झोकून दिलं, आणि चेंडू तिच्या पॅडवर आपटून बाहेर गेला. चित्र एकदाही फुटलं नाही. लोक नाचायला लागले तेव्हा टाचणीबाईच्या लक्षात आलं, की आपण दिराचं मनगट लाल होईस्तोवर दाबून धरलंय.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, दिसले का मी?"

"दिसलीस म्हणजे? डावा पाय उशिरा उचलतेस. शेवटच्या चेंडूला नशिबाने वाचलीस."

लेक हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. त्याने फोन बायकोकडे दिला.

"कुठे लागलं तर नाही ना गं?" टाचणीबाईने विचारलं.