विहिरीचं गाणं की दिव्याचं?

रेकॉर्डवर धूळ बसते, ती फडक्यानं पुसता येते. किस्से बसले की पुसता येत नाहीत. मी आयुष्यभर लोकांच्या लग्नात, बारशात, गणपतीत लाउडस्पीकर लावला. त्यातली गाणी बरीचशी विसरलो. गाण्यांवरून झालेली भांडणं मात्र एकूण एक आठवतात. माझ्याकडे कोणी बसायला आलं की त्यातलं एखादं निघतंच.

माझं शिक्षण चौथी. पण अमरावतीत माझा भोंगा खरखरला, असं कोणी म्हणून दाखवावं! जवाहर गेटाजवळ दुकान होतं. लोक मला मिस्त्री म्हणत. शेजारी उस्मानभाईचं चहाचं हॉटेल. बसायला येणारे मुख्य दोघे. एक बाबारावजी, नांदगाव पेठेकडचे शेतकरी, काळी जमीन, पांढरी मिशी, आवाज माझ्या भोंग्यापेक्षा मोठा. दुसरे नानासाहेब वकील. बारीक अंगाचे, काळा कोट, जिल्हा कोर्टातून सुटले की सरळ इकडे.

या दोघांचा वाद एकच होता. आजवरचं सगळ्यात मोठं सिनेमाचं गाणं कोणतं?

बाबारावजींचं होतं विहिरीचं गाणं. सिनेमात ती बाई विहिरीवर पाणी भरताना म्हणते, म्हणून आम्ही ठेवलेलं ते नाव. वकिलांचं होतं दिव्याचं. त्यात एक माणूस दिव्यापुढे बसून झुरतो. गाण्यांची खरी नावं सांगत नाही. सांगितली तर तुम्हीही भांडायला लागाल!

*

सुरुवात अशी झाली. मी नवा भोंगा तपासत होतो. विहिरीचं गाणं लावलं होतं. बाबारावजी डोळे मिटून मान हलवत होते. तेवढ्यात वकील आले आणि टोपी काढण्याआधीच म्हणाले, "मिस्त्री, ही काय पाण्याची खळखळ लावलीत? गाणं म्हणजे दिव्याचं! तसं आधी झालं नाही, पुढं होणार नाही."

बाबारावजींनी एक डोळा उघडला. "वकीलसाहेब, आज केस हारले का?"

वकील गडबडले. "हो. पण त्याचा इथं काय संबंध?"

"मंग रडकं गाणं आवडनच!"

त्या दिवसापासून दोघांनी हट्ट धरला, तो सोडला नाही.

*

वकील म्हणाले, असं तोंडानं होणार नाही, रीतसर खटला चालवू. उस्मानभाईच्या हॉटेलात कोर्ट भरलं. न्यायाधीश उस्मानभाई, कारण तो कोणत्याच गाण्याला कधी काही म्हणत नसे. वकिलांनी उभं राहून अर्धा तास बाजू मांडली. सूर काय, शब्द काय, दुःख काय! बाबारावजी बसूनच म्हणाले, "माया गाण्याले वकील लागत नाई." मी दोन्ही तवे वाजवले. रेकॉर्डला आम्ही तवाच म्हणायचो.

उस्मानभाई गल्ल्यावरून उठला. फडकं खांद्यावर टाकलं.

"देखो, मी रोज पाहून राहिलो. विहिरीचं गाणं लागलं की गिऱ्हाईक पटापट चहा पिते अन् जाते. दिव्याचं लागलं की एकच कप घेऊन बसते, उठतच नाई."

वकील खूश. "म्हणजे माणूस जागचा हलत नाही! लिहून घ्या! निकाल दिव्याकडं!"

"आरामसे, वकीलसाब! गाणं तुमचं मोठं असन. पण मी हॉटेलवाला हाय! निकाल विहिरीकडं!"

वकिलांनी अपील करतो म्हणून सांगितलं. अपील कुठं करायचं, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

*

मग बाबारावजींनी नवीनच काढलं. "माणूस खोटं बोलते. जनावर बोलत नाई. माया बैलाले विचारा."

मला हे पटलं. खरोखर पाहण्यासारखी गोष्ट होती. चावीचा ग्रामोफोन, अँप्लिफायर, बॅटरी आणि भोंगा, सगळं दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, घालून आम्ही त्यांच्या शेतावर गेलो. बैल नांगराला जुंपलेले होते. त्यांच्या पुढ्यात, लिंबाच्या झाडाला मी भोंगा बांधला.

पहिलं विहिरीचं लावलं. बैल थांबले. कान हलवले. जागचे हलेनात. गडी हाकतो आहे, पण एक पाऊल नाही.

मग दिव्याचं लावलं. पहिला आलाप निघाला आणि बैल नांगरासकट सुटले ते पार शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत!

वकिलांनी टाळी वाजवली. "पाहिलंत? नुसता संचार झाला अंगात! धावले!"

"धावले नाई, पळाले!" बाबारावजी म्हणाले. "चांगलं गाणं आयकाले जनावर थांबते. वाईट गाण्यापासून पळते!"

पण मला आजही खात्री नाही. दुसऱ्यांदा लावताना मी आवाजाचं बटन थोडं जास्त फिरवलं होतं, की बैलांना खरंच कळलं? पुन्हा करून पाहू म्हटलं, तर गडी हात जोडून उभा राहिला.

*

एकदा मोझरीच्या आश्रमाकडे निघालेले एक म्हातारे भजनी उस्मानभाईकडे चहाला थांबले. हातात खंजिरी. वकिलांनी त्यांना हाताला धरून दुकानात आणलं. म्हणाले, हा जाणता माणूस, याचा शब्द मानू. बाबारावजी तयार झाले.

म्हाताऱ्यांनी दोन्ही गाणी पूर्ण ऐकली. नंतर कितीतरी वेळ ग्रामोफोनकडेच पाहत राहिले. सुई उचलून पाहिली, पुन्हा ठेवली.

"महाराज, सांगा," वकील म्हणाले. "कोणतं मोठं?"

"दोन्ही बेस हायत. पण हे बाई गाता गाता थकली, तं तुमी सुई उचलता?"

"हो."

"आमी थकलो तं आमाले कोणी उचलत नाई! रातभर म्हणाच लागते!"

खंजिरी काखेत घालून ते निघून गेले. हा निकाल कोणाच्या बाजूनं, यावर पुढचे पंधरा दिवस गेले.

*

इथवर सगळी गंमत होती. पुढं तशी राहिली नाही.

बाबारावजींची एकुलती मुलगी सिंधू लग्नाची झाली. सातवी पास, कामाला चटपटीत, बोलायला कमी. स्थळं चांगली येत होती. पण मुलगा पाहायला आला की बाबारावजींचा पहिला प्रश्न शेतीचा नाही, नोकरीचा नाही. "सगळ्यात मोठं गाणं कोणतं, सांगा बरं?"

पहिला मुलगा मूर्तिजापूरचा होता. त्यानं तिसरंच गाणं सांगितलं. नाचाचं. बाबारावजींनी पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. "खाऊन घ्या. गाडी सुटाले वेळ हाय अजून."

दुसरा शाळामास्तर. त्याला कोणी तरी प्रश्न आधीच फोडला होता. प्रश्न येताच छाती काढून म्हणाला, "विहिरीचं!" बाबारावजी इतके हरखले की म्हणाले, म्हणून दाखवा. मास्तरनं म्हटलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक. तिसऱ्याला चाल चुकली. बाबारावजी उठून उभे राहिले.

"माया गाण्याचं हे केलं, तं पोरीचं काय करन?"

तेही स्थळ गेलं. या दोन्ही वेळी सिंधूला कोणी काही विचारलं नाही. ती आत चहाचे कप धूत होती.

दुसऱ्या दिवशी तिची आई, सरूबाई, माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, डोळे लाल. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भोंग्यानं माया पोरीचं लगन अडलं. आता तिसरं स्थळ मोडलं तं मंग कोणी दारात येणार नाई. लोक म्हणतीन, पोरीतच काई खोट असन."

मी वकिलांना बोलावणं पाठवलं.

*

तिसरं स्थळ अकोल्याचं होतं. धान्याची अडत, माणसं सरळ, मुलगा अडतीवर बसणारा. सरूबाईंनी बाबारावजींना देवापुढं उभं करून शपथ घातली. लग्न लागेपर्यंत मुलाकडच्या माणसांपुढं तोंडातून गाणं हा शब्द काढायचा नाही. बाबारावजींनी शपथ घेतली. वकिलांनी साक्षीदार म्हणून मान हलवली.

मुलगा येऊन मुलगी पाहून गेला. बाबारावजी त्या दिवशी इतके गप्प होते की मुलाच्या बापाला वाटलं, यांच्या घशाला काही झालं आहे. यावेळी आईनं सिंधूला आत नेऊन विचारलं. ती हो म्हणाली.

मग आम्ही घर पाहायला अकोल्याला गेलो. बाबारावजी, वकील आणि मी. बैठकीत समोरच रेडिओ! मोठा, लाकडी, वर भरतकामाचं कापड. बाबारावजींची नजर त्याच्यावरून हलेना.

मुलाचे वडील सहज म्हणाले, "लावू का रेडिओ?"

"नको!" वकील ओरडलेच. "माझं डोकं फार दुखून राहिलं!"

बाबारावजी कसेबसे म्हणाले, "मायंही."

मुलाचे वडील माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माझंही."

त्या भल्या माणसानं आतून बाम मागवला. आम्ही तिघांनी कपाळाला चोळला. अमरावतीच्या माणसांना अकोल्याचं ऊन सोसत नाही, असं ते पुढं सगळ्यांना सांगत.

परतताना गाडीत बाबारावजी एकदम खुलले. "वकीलसाहेब, त्या रेडिओवरचं कापड पाह्यलं? कसं पांढरंशुभ्र! रोज उचलत असतीन, म्हणून धूळ नाई. घर चांगलं हाय. पोट्ट्याले गाण्याची आवड हाय!"

मलाही वाटलं, माणूस बरोबर बोलला.

*

लग्न बाबारावजींच्या गावी. मांडव, तोरणं, माझे दोन भोंगे. आमच्या दुकानाचा एक नियम होता, तो मी कोणासाठी मोडला नाही. अक्षता पडल्या की पहिला तवा नवरदेवाच्या पसंतीचा. त्यासाठी मी आधी जानोशावर जाऊन विचारून येत असे. नवरदेवाकडची मंडळी जिथं उतरतात, तो जानोसा.

निघालो तर वकीलही मागं. त्यांना राहवत नव्हतं. दिव्याचं म्हणतो का, ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. बाबारावजी लांबून पाहत होते. शपथ होती म्हणून तोंड बंद. फक्त विहिरीचा पोहरा ओढल्यासारखा हात करून दाखवला.

नवरदेव बाशिंग बांधून खाटेवर बसला होता. मी विचारलं, "बोला, पहिलं गाणं कोणतं लावू?"

"कोणतंबी लावा, काका."

"असं नाही चालत. तुमच्या आवडीचं सांगा."

"मले गाण्यातलं काई समजत नाई. आवडबी नाई. आमच्या घरी रेडिओ हाय, पण तो भाव आयकाले. भाव झाले की बंद."

वकील पुढं झाले. उलटतपासणी सुरू केली. "विहिरीचं ऐकलं आहे?"

"असन आयकलं."

"दिव्याचं?"

"तेबी असन."

"फरक काय वाटला दोन्हीत?"

"फरक हाय का?"

इतक्या वर्षांत मी नानासाहेब वकिलांना पुढचा प्रश्न न सुचलेला पाहिला, तो तेव्हाच.

आम्ही परत आलो. बाबारावजी मांडवाच्या दारातच उभे. "काय म्हटलं पोट्ट्यानं?"

वकिलांनी माझ्या पायावर पाय दिला. पण मी खोटं बोलत नाही. जे ऐकलं ते सांगितलं.

बाबारावजी सतरंज्यांच्या थप्पीवर बसले. मला वाटलं, आता आरडाओरडा करतील, हेही लग्न मोडतील. मांडवात वाजंत्री बसलेली, चुलीवर बुंदीची कढई, सरूबाई बायकांना कुंकू लावत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बाबारावजी मात्र हळूच बोलले.

"मिस्त्री, दुसरं गाणं म्हटलं असतं तं मी सोसलं असतं. दिव्याचं म्हटलं असतं तरी सोसलं असतं. गाणंच नाई? माई पोरगी त्या घरात दिवस कसे काढन?"

ते उठले आणि सरळ आत गेले. वकील मागं धावले, मी त्यांच्या मागं. आतल्या खोलीत सिंधू हळदीच्या अंगानं पाटावर बसली होती. बायका गोळा झालेल्या. बाबारावजी तिच्यासमोर खाली बसले.

"बाई, अक्षता पडाच्या हायत अजून. तू म्हणशीन तं मी आत्ता लगन थांबवतो. लोक काय म्हणाचं ते म्हणो. त्या पोट्ट्याले एकबी गाणं आवडत नाई. तुले हे माहीत होतं का?"

"हो," सिंधू म्हणाली. "पाह्याले आले तेव्हा पाणी देता देता मीच विचारलं होतं."

"अन् तरी तू हो म्हटलं?"

सिंधूनं मान वर केली.

"तरी नाई, बाबा. म्हणूनच म्हटलं!"