डायरीतलं देखणं अक्षर

नेवाशातल्या त्या इंग्रजी शाळेत सत्यशीला शेटे यांना नावाने फार कुणी ओळखत नसे. त्या कर्सिव्हवाल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं जोडून वळणदार लिहायला शिकवणाऱ्या मॅडम. तिसरी ते पाचवी, आठवड्याला दोन तास, चाररेघी वही, पेन्सिलीला नीट टोक. बावीस वर्षं त्यांनी हे न कंटाळता केलं. त्यांचं स्वतःचं अक्षर असं, की फळा पुसायची पाळी ज्याची असेल ते पोर डस्टर हातात धरून जरा घुटमळत असे. लग्नसराईत पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालून घ्यायला अर्धं गाव त्यांच्या दारात. त्याचा आपल्याला त्रास होतो असं त्या म्हणत, ते अर्थातच खोटं होतं.

यंदा जानेवारीत संस्थेचे अध्यक्ष अमृतशेठ यांनी वीस कॉम्प्युटर आणले. कॉम्प्युटर आले म्हणजे त्यांना तास हवा, आणि तास हवा म्हणजे कुणाचा तरी काढायचा. मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं ते कर्सिव्हवर येऊन थांबलं. पण निर्णय आपल्या अंगावर नको, म्हणून त्यांनी विषय पालकसभेत ठेवला.

सत्यशीलाबाईंना हे फार लागलं. नोकरी जाणार नव्हती, परिसर अभ्यास शिकवायला मिळालाच असता. पण परिसर अभ्यास कुणीही शिकवतं. कर्सिव्ह गेलं तर आपण या शाळेत कोण, हा प्रश्न त्यांना चार दिवस जेवू देईना. त्यांनी दोन पानं मुद्दे काढले, कर्सिव्हमध्येच.

शनिवारी सभा भरली. सुरुवात भीमाने केली. हा कांद्याचा टेम्पो चालवणारा पालक, तोंडाचा मोकळा. "मॅडम, राग धरू नका. धा वर्सात सहीबिगर काय लिवलं न्हाई म्या. पावती बी मोबाईलवर येती. मंग पोरांनी ह्या येटोळ्या कशापायी घालायच्या?"

सभा हसली. सत्यशीलाबाईंनी मुद्दे वाचले. हात वळला की लक्ष टिकतं, लिहिलेलं डोक्यात राहतं, घाई कमी होते. लोकांनी ते प्रजासत्ताक दिनाचं भाषण ऐकावं तसं, म्हणजे शांतपणे आणि न ऐकता, ऐकून घेतलं. डाव हातचा जातोय हे त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ज्ञानेश्वरी उठली. तिसरीतल्या दिशाची आई, प्रवरेकाठच्या वस्तीवरची. हिची नि सत्यशीलाबाईंची गेटावर रोज नजरानजर व्हायची, बोलणं कधी नाही. तिने पिशवीतून लॅमिनेशन केलेला एक कागद काढून वर धरला.

"मॅडमनी आमच्या दिशाबद्दल डायरीत लिवलंय. वर्सात तीनदा! तिसऱ्यांदा लिवलं ते पान मी झेराक्स करून घरी भितीवर लावलंय, त्येच काढून आणलं. मला ते जोडून लिवलेलं वाचता येत न्हाई, पर माझी जाऊ म्हनली, इतकं कोरीव अक्षर कुनी वाईटासाठी काढत असतंय व्हय? कर्सिव बंद करू नका."

टाळ्या पडल्या. भीमानेही वाजवल्या. अमृतशेठ खूश होऊन म्हणाले, "मॅडम, वाचून दाखवा ना सगळ्यांना. मराठीत सांगा."

सत्यशीलाबाईंनी कागद हातात घेतला आणि ओळखला. पालकांसाठी मुलांच्या डायरीत लिहायचं ते इंग्रजीतच, असा शाळेचा नियम होता. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर, तिन्ही वेळा त्यांनी एकच सूचना लिहिली होती आणि तिन्ही वेळा खाली सही आली होती. सही येते आणि पुढे काहीच होत नाही, हे पाहून त्या स्टाफरूममध्ये बोलल्याही होत्या, "या लोकांकडे फोनला पैसे असतात, पोरीच्या चष्म्याला नसतात." उंचीप्रमाणे बसवायचं म्हणून दिशा शेवटच्या बाकावरच राहिली, आणि तिच्या वहीत लाल गोळे वाढत गेले.

'मुलगी गुणी आहे', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कागद त्यांच्याच हातात होता, विजयमालाबाई लांब बसल्या होत्या. कर्सिव्ह वाचलं असतं, ज्ञानेश्वरी हसत घरी गेली असती, आणि दिशाच्या डोळ्यांचं मागाहून हळूच सांगता आलं असतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं, हे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

"यात लिहिलंय," त्या म्हणाल्या, "दिशाला फळा दिसत नाही. डोळे तपासून घ्या. ही तिसरी सूचना आहे."

ज्ञानेश्वरीचा हात अजून कागदासाठी पुढेच होता. "जूनमधी बी ह्येच हुतं?"

"हेच."

"मंग तोंडानं का न्हाई सांगितलं, मॅडम? मी रोज गेटावर येती की तिला न्यायला."

"तुमची सही होती."

"सही म्हंजी डायरी पाह्यली, येवढंच."

सत्यशीलाबाईंनी कागद तिच्या हातात दिला. ज्ञानेश्वरी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

कर्सिव्हचा निकाल अमृतशेठांनी सगळ्यांना खूश ठेवायच्या त्यांच्या नेहमीच्या रीतीने लावला: एक तास कर्सिव्ह, एक तास कॉम्प्युटर. सत्यशीलाबाईंनी हो म्हटलं. आठवड्याभरापूर्वी त्या एका तासासाठी त्यांनी जिवाचं रान केलं असतं. सोमवारपासून डायरीत त्या मराठीत, सुटं आणि ठसठशीत लिहू लागल्या, आणि गेटावर पालकांना गाठून तेच तोंडी सांगू लागल्या. विजयमालाबाईंनी नियमाची आठवण केली तेव्हा, "मग डायऱ्या तुम्ही लिहा," असं म्हणून त्या वर्गावर गेल्या.

नगरच्या डॉक्टरांनी दिशाच्या डाव्या डोळ्याचा नंबर बराच मोठा काढला. तो डोळा आळशी पडलाय, उजव्यावर पट्टी लावून त्याला कामाला लावावं लागेल, सहा-सात महिने आधी आणली असती तर सोपं गेलं असतं, असं ते म्हणाले. ज्ञानेश्वरीने ते शब्दन् शब्द गेटावर येऊन सांगितलं. आवाज चढवला नाही.

चष्मा लावून दिशा पहिल्यांदा वर्गात आली त्या दिवशी कर्सिव्हचाच तास होता. सत्यशीलाबाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर ओळ काढली. दिशा लिहायचं सोडून फळ्याकडे बघत राहिली. वर्षभर ती शेजारणीच्या वहीत बघून लिहीत होती, हे बाईंना त्या वेळी कळलं.

"लिहीत का नाहीस गं?"

"मॅडम, तुमचं अक्षर लई भारी हाय," दिशा म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही फळ्यावर नुसती रेघ ओढता."