रिकामे कोंदण

दुपारच्या भोजनानंतर पोथी छातीवर ठेवून मी आरामखुर्चीत विसावतो. उद्या सकाळी नदीकाठच्या टेकाडावर नव्या उत्खननाचे भूमिपूजन आहे. मंत्र मी म्हणावयाचे आहेत. नंतर तेथील अर्जुनवृक्ष तोडले जातील. या वयात नकार देण्याचेही श्रम होतात. पापण्या जडावतात.

"मामा, खुर्ची सावरा. खाली खड्डा आहे."

ही मदयंती, माझी भाची. अलंकार घडविणारी कलावती. ती जाऊन वर्ष झाले.

मी खड्ड्याच्या तळाशीच बसलो आहे. चौकोनी भिंतींतून छाटलेली मुळे लोंबतात. त्यांतलेच एक घेऊन ती मातीचे मणी ओवते आहे.

"रत्ने कोठे आहेत?"

"ती संग्रहालयात गेली. खोदून झाल्यावर मागे उरतं, त्याचे माझे दागिने. चाळलेली माती, ताडपत्रीच्या चिंध्या, ही मुळं. घाला पाहू."

"या वयात हार?"

"सत्काराचे बरे घालता."

मला हसू येते. हार गळ्यात पडतो आणि ओल्या गाळासारखा जड होतो. भिंती आता काचेच्या आहेत. मी प्रदर्शनाच्या पेटीत बसलो आहे, ती बाहेरून न्याहाळते आहे. हाराच्या मध्यभागी चांदीचे कोंदण रिकामे आहे.

"येथे काय बसवणार?"

"ते उद्यावर आहे. मामा, झाड तोडण्यापूर्वी काय म्हणायचं असतं?"

"वृक्षावर राहणाऱ्या जीवांची क्षमा मागावी. अन्यत्र वास करा, अशी प्रार्थना करावी."

"अन्यत्र म्हणजे कुठे?"

मी पोथी उलगडतो. पाने कोरी नाहीत. उत्तर मात्र कोठेच नाही.

"थकलात, मामा?"

"थकलो गं."

"मग उद्याही बसूनच राहा." काचेतून तिचा हात सहज आत येतो. कोंदणात बसेल असे काहीतरी ती माझ्या मुठीत ठेवते आणि बोटे मिटवते.

दूरध्वनी वाजतो आहे. मी डाव्या हाताने उचलतो. उत्खननाचे प्रमुख देवस्थळी बोलत आहेत.

"शास्त्रीजी, सकाळी गाडी पाठवतो."

"गाडी नको. मी मंत्र म्हणणार नाही."

"प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे. त्या झाडांवरच्या पाखरांनी कोठे जावे, ते आधी ठरवा. मग मला कळवा."

मी दूरध्वनी ठेवून देतो. मी उजवी मूठ उघडतो. ती रिकामी आहे. तळहातावर मात्र पाच कडांचा वळ खोल उमटला आहे, अर्जुनाच्या वाळलेल्या फळाचा.