शुक्लाजींची दीड फूट जमीन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मला मध्ये थांबता येत नाही. खरं तर तोच माझा रोग आहे. हातात चहाचा कप आला की मला ज्ञान फुटतं. लोकांना घाम फुटतो तसं!

मी मूळचा सांगलीचा. गेली सोळा वर्षं लखनौत, अलीगंजमध्ये राहतो. इथं भूगर्भाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिथं नोकरीला आहे. संस्थेत एकाहून एक शास्त्रज्ञ आहेत. मी लायब्ररीत आहे. पुस्तकांवर नंबर घालतो, कुणी वेळेत परत केलं नाही तर त्याला चिठ्ठी धाडतो. पण राहायला आलो त्या दिवशी गल्लीत कुणीतरी विचारलं, "कहाँ काम करते हैं?" मी संस्थेचं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळपासून मी 'साइंटिस्ट साहब' झालो!

आता एवढ्या प्रेमानं कुणी बढती दिली तर तुम्ही नाकाराल का? मीही नाही नाकारली.

आमची तीन घरं एका ओळीत आहेत. दक्षिणेला सिद्दीकी साहेब, गणिताचे निवृत्त मास्तर. मध्ये शुक्लाजी, वीज खात्यातून निवृत्त. उत्तरेला आम्ही: मी, माझी बायको सुनंदा आणि नववीतली जुई. जुईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच मिळतं.

सिद्दीकी साहेब आणि शुक्लाजींची तीस वर्षांची दोस्ती. दोघांत मिळून एकच वर्तमानपत्र. शुक्लाजी सकाळी राजकारण वाचून, रागावून, ते भिंतीवरून पलीकडे देणार. मग सिद्दीकी साहेब शब्दकोडं सोडवणार आणि अडलं की भिंतीपलीकडून ओरडणार, "शुक्लाजी, चार अक्षर का एक फल!" ही हाक ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीची सकाळ व्हायची नाही.

तर फेब्रुवारीत शुक्लाजींच्या मुलानं आपली जुनी गाडी वडिलांना द्यायचं ठरवलं. गाडी दारात मावेल का, म्हणून शुक्लाजींनी टेप लावली. कागदावर दर्शनी बाजू तीस फूट. टेपवर भरली साडेअठ्ठावीस. गेली कुठं दीड फूट जमीन?

संध्याकाळी ते आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं. सुनंदानं चहा आणला. म्हणजे कप माझ्या हातात आला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

"शुक्लाजी," मी म्हटलं, "ज़मीन कहीं गई नहीं। ज़मीन चलती है।"

"चलती है?"

"और क्या! हा आपला भारत... मतलब हमारा भारत एक बड़ी भारी प्लेट पर बैठा है। किसी ज़माने में नीचे, अफ्रीका के पास था। वहाँ से सरकते सरकते पूरा समंदर पार करके आया और एशिया से टकराया। उसी टक्कर से हिमालय उठा। और आज भी हर साल चार-पाँच सेंटीमीटर उत्तर को सरक रहा है!"

इथपर्यंत सगळं खरं होतं बरं का! पुस्तकांवर नंबर घालता घालता पानं चाळलेली असतात. इथं थांबलो असतो तर आजही मान ताठ असती. पण शुक्लाजींनी डोळे विस्फारले, आणि समोरच्यानं डोळे विस्फारले की मला आणखी चेव येतो.

"आपका मकान कब बना?"

"तीस साल हुए।"

"तीस पंजे डेढ़ सौ। डेढ़ सौ सेंटीमीटर। यानी लगभग पाँच फुट! शुक्लाजी, आपका तो सिर्फ़ डेढ़ गया है।"

शुक्लाजींनी बोटांवर हिशेब केला. वीज खात्यातला माणूस, आकडा सोडणार नाही. "तो बाकी साढ़े तीन?"

आता आली का पंचाईत! पण मी डगमगलो असेन तर शपथ. "वो रगड़ में गया," मी सांगितलं. म्हणजे घासाघाशीत झिजला!

शुक्लाजींनी मान वळवून आपल्या घराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "उत्तर को सरक रहा है... यानी दक्खिन वाला मकान मेरी ज़मीन पर चढ़ आया। यानी सिद्दीकी साहब!"

"विज्ञान तो यही कहता है," मी म्हणालो, आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. काय चव होती त्या घोटाला!

दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र भिंतीवरून गेलं नाही. तिसऱ्या सकाळी सिद्दीकी साहेबांनी स्वतःचं वर्तमानपत्र लावलं. चार अक्षरांचं फळ कुणी विचारेना. शुक्लाजी कोरड्या चेहऱ्यानं दारात उभे, सिद्दीकी साहेब कोरड्या चेहऱ्यानं गच्चीवर.

त्या संध्याकाळी सिद्दीकी साहेब आमच्याकडे आले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण लखनौचा माणूस रागावला की जास्तच गोड बोलतो.

"हुज़ूर, सुना है आपने हमारा मकान चला दिया," ते म्हणाले. "तीस बरस से उसी में रहता हूँ। कमबख़्त ने कभी बताया नहीं।"

मी हसलो. ते हसले नाहीत. सुनंदानं पुढे केलेला चहा त्यांनी फार अदबीनं नाकारला. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अहो, जमीन उत्तरेला सरकते ना? मग शुक्लाजींचं घर आपल्या अंगणात यायला हवं होतं. ते का नाही आलं?"

मला हे सुचलंच नव्हतं! मी म्हटलं, "ते... सावकाश येईल."

पलंगावर पुस्तक घेऊन पडलेली जुई न उठताच म्हणाली, "पापा, पूरी प्लेट एक साथ चलती है। बस में सब आगे जाते हैं, तो पीछे वाला आपकी गोद में आ जाता है क्या?"

नववीतली पोरगी! पण बोलली ते लख्ख खरं. तीस वर्षांची दोस्ती मी एका कप चहात बुडवली होती. ठरवलं, उद्या रविवार, सकाळी शुक्लाजींकडे जायचं आणि सांगून टाकायचं, चूक झाली, मी शास्त्रज्ञ नाही, लायब्ररीतला माणूस आहे.

सकाळी दार उघडलं तर शुक्लाजीच दारात. इस्त्रीचा कुर्ता, हातात टाईप केलेला अर्ज. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'सुप्रसिद्ध भूवैज्ञानिक एवं पड़ोसी के मतानुसार...'

"अमीन को बुलाया है," शुक्लाजी म्हणाले. "नाप होगी। बस आप अमीन साहब को वो रगड़ वाली बात समझा दीजिएगा।"

अमीन म्हणजे जमीन मोजणारा. गल्लीच्या टोकाला तो उभाच होता, गळ्यात मफलर, काखेत नकाशा, हातात लांबलचक फीत. त्याच्या मागे निम्मी गल्ली! कुणी ब्रश तोंडात धरून, कुणी नातू कडेवर घेऊन. सिद्दीकी साहेब काळी शेरवानी घालून आले होते. जणू कोर्टातच निघालेत.

"भूवैज्ञानिक आप हैं?" अमीननं मला विचारलं. "पद क्या लिखूँ?"

पन्नास डोळे माझ्यावर. मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"सहायक... लाइब्रेरियन।"

"जी?"

"लाइब्रेरियन। किताबें देता हूँ।"

शुक्लाजींच्या हातातला अर्ज खाली आला. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. प्लेट चालते हे खरं, पण सगळ्यांची एकत्र चालते. सिद्दीकी साहेबांचं घर चाललं तर शुक्लाजींचंही तेवढंच चाललं, माझंही तेवढंच. रगड़ बिगड़ काही नाही. मला माफ करा.

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं.

"वो सब ठीक है," अमीन म्हणाला, "पर डेढ़ फुट तो गया है ना? आ ही गया हूँ तो नाप लेता हूँ।"

त्यानं दक्षिणेच्या कोपऱ्यापासून फीत धरली. सिद्दीकी साहेब, तीस फूट. बरोब्बर! इंच इकडे नाही की तिकडे नाही. सिद्दीकी साहेबांनी शेरवानीचं वरचं बटण सोडलं. मग शुक्लाजी, साडेअठ्ठावीस. मग अमीन माझ्या दारात आला.

साडेएकतीस.

कागदावर माझेही तीसच होते, म्हणून अमीननं पुन्हा मोजलं. साडेएकतीस! मग तो माझ्या आणि शुक्लाजींच्या मधल्या भिंतीच्या मागच्या टोकाला जाऊन आला. तिथं सगळं चोख होतं. भिंत पुढच्या टोकालाच शुक्लाजींच्या बाजूला सरकली होती.

"कमाल है," अमीन म्हणाला. "सारा हिंदुस्तान उत्तर को जा रहा है, और साहब, आपकी दीवार अकेली दक्खिन को चली आई!"

आता गल्ली हसली. ब्रशवाल्याचा फेस उडाला! आणि त्या हशात मला ते आठवलं, जे मी चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मधली जुनी भिंत पडायला आली होती. शुक्लाजी तेव्हा मुलाकडे कानपूरला. जूनचं ऊन. मिस्त्रीनं दोरीचं मागचं टोक धरलं आणि पुढचं माझ्या हातात दिलं. "साहब, हिलना मत," एवढं सांगून तो खुणा करायला लागला. ऊन डोक्यावर मी म्हणत होतं. शुक्लाजींच्या दारात कडुनिंब. मी म्हटलं, दोरी धरूनच जरा सावलीला उभं राहू.

जरा म्हणजे किती? दीड फूट!

मी ते जसंच्या तसं सांगितलं. शुक्लाजींनी अर्जाची घडी घातली, आणखी एक घडी घातली. वाटलं, आता हा माणूस मला चार शिव्या देणार. पण ते सिद्दीकी साहेबांकडे वळले.

"मुझसे ग़लती हुई," शुक्लाजी म्हणाले.

"आपसे कहाँ," सिद्दीकी साहेब म्हणाले. "आपने तो एक पढ़े-लिखे आदमी पर भरोसा किया।"

लागलं का? लागायलाच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात भिंत पाडली. नवी बांधायला मिस्त्री आला, दोरीचं भेंडोळं सोडलं, आणि मी लगबगीनं पुढे झालो. पापाचं प्रायश्चित्त नको का घ्यायला? दोरीकडे हात केला तेवढ्यात सिद्दीकी साहेबांनी माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. मला आमच्याच घराच्या दारापर्यंत चालवत आणलं, आपल्या हातानं दार उघडलं आणि कमरेत किंचित वाकून म्हणाले,

"आप अंदर तशरीफ़ रखिए, जनाब। आप बाहर रहते हैं तो ज़मीन को तकलीफ़ होती है।"